सड्यावरच्या हिरव्या पाली

मालवण, ८ मार्च २०२५

ती. आजीस आसावरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. इथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, परदेशी हिरव्या पाली सापडल्या. पिंजऱ्यातल्या नव्हेत, रानात अंडी घालणाऱ्या. कातळातली इथली चिमुकली पाल त्या खाऊन संपवताहेत, आणि ती दुसरीकडे कुठेच नाही.

त्या राजनकाकाने सोडल्या. विकायला पाळल्या होत्या. तपासणीची कुणकुण लागली तेव्हा त्याला मारवेनात, म्हणून आपल्या बागेत सोडल्या. म्हणतो, पाल म्हणजे लक्ष्मी, आईने, म्हणजे तू, कधी मारू दिली नाही. वनखात्यासाठी या पालींचा अहवाल मीच लिहिते आहे. त्यात बागेचं नाव नसेल तर उरलेल्या शोधता येणार नाहीत. असेल तर काकावर खटला. काय करू?

तुझी,
आसावरी

तिलक नगर, जयपूर, १९ मार्च

चि. आसावरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

सांगते आहे मी, लिहिते आहे तुझी आई विनया. मला अक्षर येत नाही, पण विनयाच्या कपाळावरच्या आठ्या वाचता येतात. दिराचं नाव आलं की तिचं पेन अडतं. तिला सांगितलंय, शेवटी सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

भाजीवाला भैया मोरपीस देऊन गेला, त्याने म्हणे पाली पळतात. आमची त्या मोरपिसामागेच बसते. मी तिला मारत नाही, पण तिची पिल्लं शेजारी नेऊनही सोडत नाही. राजनला एवढं शिकवायचं राहिलं.

नाव लिही. जेवत जा, काटकी झाली असशील. काकावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

मालवण, ११ एप्रिल

ती. आजीस सा. न.

नाव लिहिलं. काकाने मला दार बंद केलं. त्याच्या बागेतल्या हिरव्या पाली आम्ही रोज पकडून मारतो. सड्यावरच्या फटी मात्र रिकाम्याच आहेत. फार उशीर झाला बहुतेक.

आसावरी

जयपूर, २ मे

चि. आसावरीस आशीर्वाद.

राजन येऊन गेला. त्याला नोटीस आली आहे. पान वाढलं होतं. त्याने विचारलं, पोरीने आपल्या मनाने केलं का? मी म्हटलं, मीच लिहायला सांगितलं. तो भरल्या पानावरून उठला आणि बॅग घेऊन गेला. पुन्हा येईलसं वाटत नाही.

तू आता त्याच्याकडे जा, दार उघडेल. तुझी काकू जयंती एकटी रडत असेल, तिच्याजवळ बस. त्याला राग धरायला एक माणूस पुरे, ती मी.

तुझी,
आजी