संत्र्याच्या जुन्या साली आणि मागे न घेतलेले एक वाक्य

मी, श्रीमती सुगंधा शिरीष नाबर, वय ६९ वर्षे, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, मूळ गाव कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग, हल्ली मुक्काम अल हैल, मस्कत, ओमान, हा लेख पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणाऱ्याचे काय होते, हे मस्कतमधल्या वादी कबीर भागातल्या शाळेतल्या माझ्या एकतीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांना विचारावे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी आपण होऊन आणला, कारण जी बाई रोज सकाळी आरशासमोर जीभ काढून बघते तिचे डोके फिरलेले असते, असे माझ्या घरात मत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याचा उत्साह नाही.

१. माझ्या देहाचे दहन जिथे कागदपत्रे कमी लागतील तिथे करावे. गावी नेण्याचा हट्ट धरू नये. विमानातला एसी मला जिवंतपणीही सोसत नव्हता.

२. ओमानमध्ये माझ्या मालकीची एक वीटही नाही. घर भाड्याचे, करारनामा मुलाच्या, म्हणजे धनंजयच्या नावावर. माझा रहिवासाचा परवानाही त्याच्याच आधारावर. ज्या गावात हजारो मुलांना मी बेडकाच्या हृदयाचे कप्पे शिकवले, तिथे आता मी फॉर्मवर ‘आश्रित’ या रकान्यात बसते. माझी तक्रार देशाविरुद्ध नाही, रकान्याविरुद्ध आहे. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नात शिवांगी हिच्या शिक्षणासाठी. शिक्षण म्हणजे शिक्षण. मोबाइल नव्हे.

३. निळ्या पुठ्ठ्याची माझी वही शिवांगीला द्यावी. तिच्यासाठी थोडा खुलासा.

सन २०११ मध्ये माझा डावा गुडघा आणि माझी झोप एकाच महिन्यात बिघडली. गोळ्यांनी पोट बिघडले, ते वेगळेच. तेव्हा अल खौदला एका छोट्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टर थांग या चिनी बाईंकडे मी गेले. लहानपणी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर दर शनिवारी आम्हाला रांगेत उभे करून एरंडेल पाजत, कोणाला काय होते आहे हे न विचारता. डॉक्टर थांगनी मला चाळीस मिनिटे प्रश्न विचारले. तहान लागली की गरम पाणी प्यावेसे वाटते की गार? पाय आधी थंड पडतात की हात? पहाटे किती वाजता जाग येते? मग तीन बोटे मनगटावर ठेवून त्यांनी नाडी पाहिली, माझी जीभ पाहिली, आणि मस्कतमध्ये शिकलेल्या हिंदीत म्हणाल्या, “टीचर, गुस्सा बहुत. लिव्हर में. ठंडा पानी खलास. गुस्सा थोडा-थोडा खलास.”

त्यांच्या शास्त्रात राग यकृतात राहतो. माझ्या रागाची अशी दखल तोवर कोणी घेतली नव्हती. लोक नुसते म्हणत, बाई तापट आहे.

त्यांनी सुया टोचल्या, गुडघ्यावर औषधी पानांची कांडी पेटवून दुरून शेक दिला. पण खरे काम दिले ते मलाच. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत अठरा अंश, असे आपण दिवसातून दहा वेळा दोन ऋतू ओलांडतो, शरीराने काय करावे? म्हणून एसीत पायमोजे. फ्रिजचे पाणी बंद. संध्याकाळी आल्याच्या कोमट पाण्यात पाय. गुडघ्याच्या वाटीखाली, चार बोटे सोडून, बाहेरच्या अंगाला रोज थोडा वेळ दाब. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके. सकाळी समुद्राकडे तोंड करून आठ संथ हालचाली. आणि जेवणानंतर संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचा चहा. यामुळे गुडघा नवा झाला, असे मी म्हणणार नाही. मी जीवशास्त्र शिकवले आहे. पण मी चौदा वर्षे जिने चढले, झोपले, आणि गुडघा बदलायची शस्त्रक्रिया टाळली. ज्यांना हे थोतांड वाटते त्यांनी आपापल्या गोळ्यांचे डबे आधी मोजावेत.

शिवांगी म्हणायची, “आजी, तू रोज जीभ चेक करतेस, सो वियर्ड!” आणि परीक्षा आली की तीच दारात उभी राहायची, “आजी, माझी पण बघ ना.” शिवांगी, वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिले आहे ते पाठ कर: कोणतेही दुसरे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे. अंदाज नाही. त्यानंतर बाकीचे वाच.

४. बरण्या. संत्र्याची ही साल जितकी जुनी तितकी चांगली, असे चिनी लोक मानतात. मला हे पटायला एक क्षणही लागला नाही, कारण माझ्या आईकडे मिठातले लिंबू बारा बारा वर्षे मुरलेले असे आणि तापातून उठलेल्या माणसाला ते पेजेबरोबर मिळे. मी गच्चीवर साली वाळवल्या, वर्षाची चिठ्ठी लावून दहा बरण्या भरल्या. दोन हजार अकराची साल काळी, कडक, आणि उघडली की खोलीभर वास.

माझे पती शिरीष यांच्या तेराव्यासाठी मी कुडाळला गेले, तेव्हा सून यशश्रीने स्वयंपाकघर आवरले. मी परत आले तर सात बरण्या घासून, पुसून, ओट्यावर पालथ्या घातलेल्या. “आई, आतलं सगळं काळं पडलं होतं हो. बुरशी असेल म्हणून टाकलं. तुम्हाला नवीन आणून देते ना सुपरमार्केटमधून.”

तेरा वर्षे सुपरमार्केटमधून आणता येत नाहीत. तिने हे द्वेषाने केले असते तर मला भांडता तरी आले असते. तिने मदत केली होती.

उरलेल्या तीन भरलेल्या बरण्या आणि शेकाच्या कांड्या माझी मैत्रीण रशीदा मुकादम हिला द्याव्यात. ती रत्नागिरीची आहे. जुन्या वस्तूचा मान तिला शिकवावा लागत नाही. (तिला काही मिळत असल्यामुळे तिला साक्षीदार करता आले नाही. ती रुसली आहे. बाई, कायदा माझा नाही.) रिकाम्या सात बरण्या यशश्रीला. मोहनमाळही तिलाच, कारण ती तिच्या गळ्यात शोभते आणि मी न्यायाने वागते.

५. कुडाळ येथील माझ्या माहेरचे, माझ्या एकटीच्या नावावरचे घर आणि भोवतालचे परसू धनंजयला मिळावे, परंतु पुढील अटीवर.

सन २०२४ च्या दिवाळीत आमच्या टेबलावर आठ माणसे जेवत होती. दीर उत्तमभावजी सहकुटुंब आले होते. कोणीतरी सालीच्या चहाचा विषय काढला आणि धनंजय ताटातून मान वर न करता म्हणाला, “बाबा आईच्या काढ्यांनी गेले. लेट्स बी ऑनेस्ट.” उत्तमभावजी म्हणाले, “जाऊ दे रे. वहिनींनी काय मुद्दाम केलं?” आरोपापेक्षा मला ती माफी जास्त लागली. मी वाढत होते. मी वाढत राहिले.

धनंजयने ते वाक्य माझ्या हयातीत, त्याच टेबलावर, त्याच माणसांसमोर मागे घ्यावे. न घेतल्यास घर गावातल्या वाचनालयाला जावे.

६. धनंजयचे वरील वाक्य खोटे आहे. त्याबद्दलची हकीकत नोंदवून ठेवते.

(अ) जानेवारी २०२४ मध्ये शिरीषना रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. त्याच दुपारी मी गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टर थांगकडे गेले. त्यांनी यादी वाचली आणि हात हलवला. “टीचर, ये गोली है तो मेरा दवाई नहीं. खलास.” त्या दिवसापासून शिरीषना माझ्या हातून एक काढा नाही, एक साल नाही. वहीत तारीख आहे.

(आ) फेब्रुवारीत शिरीष अकरा दिवस हॉस्पिटलात होते. शेवटी मेंदूत रक्तस्राव झाला. त्या दिवशी धनंजयला त्यांच्या खाटेजवळच्या पेल्यात एक काळी, आकसलेली साल भिजत पडलेली दिसली. त्याने मला काही विचारले नाही. फोटो काढला. आठ महिने तो फोटो त्याने फोनमध्ये ठेवला आणि दिवाळीत तोंड उघडले.

ती साल माझी नव्हती. ती लूमी होती, म्हणजे ओमानी लोक उन्हात वाळवून काळे करतात ते लिंबू. पलीकडच्या खाटेवर सुवैकचे एक म्हातारे होते. त्यांची बायको दुपारी थर्मासमधून लूमीचा चहा आणी आणि शिरीषनाही ओतून देई. मला हे माहीत नव्हते. गेल्या मार्चमध्ये रशीदाला ती बाई अल खौदच्या एका दुकानात भेटली. रशीदा धावत घरी आली. “अगो सुगंधा, ती म्हणते, तुझ्या नवऱ्याला आमचा चहा काय आवडायचा! रोज मागून घ्यायचा.” मी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, लिंबाच्या चार घोटांचा त्या रक्तस्रावाशी संबंध लावू नका. तेवीस वर्षे मस्कतच्या शाळेत आणि ऑफिसात काढलेल्या माझ्या मुलाला ओमानी लिंबू आणि आईची संत्र्याची साल यांत फरक कळला नाही. घरात काळे ते आईचे, एवढेच त्याला ठाऊक.

(इ) उलट, शेवटच्या चार दिवसांत शिरीषनी माझ्याकडे माझा चहा तीनदा मागितला. “दोन घोट दे गं.” मी दिला नाही. नियम म्हणजे नियम. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

(ई) हे सर्व मार्चपासून मला माहीत असून मी धनंजयला सांगितलेले नाही. पुरावा पाहून कोणीही वाक्य मागे घेईल. मला ते पुराव्याशिवाय मागे घेतलेले हवे आहे.

७. या मृत्युपत्राची व्यवस्था माझे जुने सहकारी, पदार्थविज्ञानाचे शिक्षक श्री. अंबरीश केळुसकर यांनी पाहावी. ते संथ आहेत, पण चुकत नाहीत.

येथे मृत्युपत्र संपायला हवे होते. पुढील मजकूर शुक्रवारी दुपारी वाढवला आहे.

साक्षीदार चारला येणार होते. मी पाने टेबलावर लावून ठेवली होती. धनंजय वर आला. “आई, काय आहे हे?”

“वाच. मेल्यावर वाचणारच आहेस.”

तो खुर्ची ओढून बसला. मराठी त्याला इथल्या शाळेत तिसरी भाषा म्हणून होती. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत त्याने वाचले. सहाव्या कलमाला त्याला फार वेळ लागला. मी खिडकीशी उभी होते आणि माफीची वाट पाहत होते, हे मान्य करते. काय उत्तर द्यायचे तेही ठरवून ठेवले होते.

त्याने मान वर केली. “बाबांनी मागितलं, तर तू दिलं का नाहीस?”

“नियम—”

“अगं पण डॉक्टर तिथेच होत्या ना. विचारायचं. तीन वेळा मागितलं त्यांनी.”

डॉक्टरीणबाई दहा पावलांवर बसत. कॉरिडॉरमध्ये, डावीकडे. गेल्या पावणेदोन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीही नाही. मी म्हणाले, “तू काय म्हणशील याची भीती वाटली.”

त्याने पाने जुळवून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “आणि मी तेच म्हटलं.”

त्याने माफी मागितली नाही. पायाला हात लावणे वगैरे आमच्याकडे नाही. तो तसाच बसून राहिला, आणि मी त्याला जा म्हटले नाही.

तेव्हा पुढील दुरुस्त्या करते.

कलम ५ मधील अट रद्द. कुडाळचे घर धनंजयला विनाअट मिळावे. ते वाक्य तो आठ जणांसमोर मागे घेईल की नाही, मला माहीत नाही. मी अट काढली आहे, अपेक्षा काढलेली नाही.

कलम ६ (इ) मधील ‘नियम म्हणजे नियम. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?’ हे शब्द मी मागे घेते. ते आडव्या रेघेने खोडले आहेत, पण वाचता येतील असे. त्यांच्या जागी ‘मी घाबरले’ असे वाचावे. समासात सही केली आहे.

इतर सर्व कलमे, बरण्यांसह, कायम.

हे वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केली.

(सही) सुगंधा शिरीष नाबर

साक्षीदार, ज्यांनी लिहिणारीस आमच्यासमोर सही करताना पाहिले व ज्यांना यातून काहीही मिळत नाही:

१. (सही) सुचित्रा पेडणेकर, तळमजला, अल हैल
२. (सही) सुफियान दळवी, अल खौद

ठिकाण: अल हैल, मस्कत
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५