कोंबांना पाणी नको

१२ जानेवारी
ठाण्याहून मॅडमचा फोन. "विपुल, ऑर्किडची पानं गळतायत म्हणतोस, मग पाणी वाढव ना!"
नाही वाढवणार. थंडीत ही झाडं झोपतात. पानं टाकून देतात, नुसत्या कांड्या उरतात, वाळक्या शेंगांसारख्या. बघणाऱ्याला वाटतं मेली. आता भरपूर पाणी दिलं तर मुळं कुजतील आणि फुलंही येणार नाहीत. अधूनमधून सकाळी हलका फवारा, तोही दुपारच्या आत सुकला पाहिजे. सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या — "तुझ्याशिवाय हे कोणाला जमायचं रे?"
चांगलंच बोलल्या. पण मला जेवण गेलं नाही.

१९ जानेवारी
अक्षयचा फोन. मामाचा मुलगा, कसाऱ्याला रेल्वेच्या केबलच्या कामावर असतो. त्याच्या ठेकेदाराला एक माणूस हवा आहे. "शिकवतात रे सगळं. दहावी नापास चालतो, मी नाय का चाललो! पण मे लागायच्या आत ये, नायतर दुसरा उभाच हाय."
जेवताना बाबांजवळ विषय काढला. आमच्या शेणवे गावातली ही झाडांची जमीन आमचीच होती. मॅडमना विकली तेव्हा बाबांनी शब्द दिला — तिथे झाडं आहेत तोवर आमच्या घरचा माणूस राखणीला. इकडे बऱ्याच घरांत असंच आहे. जमीन जाते आणि तिच्यावर राखणदार म्हणून घरातलाच एक राहतो. आमच्याकडे तो मी.
बाबा म्हणाले, "तू गेलास तं माझ्या शब्दाचं काय?"
आई म्हणाली, "झाडं कसली, बांडगुळं ती! आंब्यावर फुकट उगवतात. त्यांच्यापायी पोराला बांधून ठेवलाय."
बाबांनी ताट सरकवलं. विषय संपला.

२ फेब्रुवारी
फवारा. कांड्या टणक आहेत. आणखी काही नाही.

१ मार्च
फुलं! उघड्या कांड्यांच्या पेरापेरातून, जांभळी, आत पिवळा ठिपका. मॅडम पाहुणे घेऊन आल्या. फोटो काढले. "हा आमचा विपुल. हा गेला तर माझी झाडं मेलीच समजा!" सगळे हसले. मीही हसलो. मग टाकीमागे जाऊन बसलो.

२३ मार्च
फुलं सुकली. बुडाशी हिरवे कोंब दिसतात. हाच सगळ्यात वाईट काळ. ऊन तापलेलं, कोंब कोवळा, बघवत नाही, हात झारीकडे जातो. पण कोंबाला स्वतःची मुळं फुटून ती बोटभर होईपर्यंत पाणी नको. तोवर तो जुन्या कांडीवर जगतो.
मॅडमना धीर करून विचारलं — दुसरा कोणी बघाल का? "अरे, असं काय करतोस? बाबांनी तेव्हाच कबूल केलंय ना!"
झाडं चांगली आली, हीच माझी चूक. मुद्दाम वाईट करायला गेलो तर हात चालणार नाही. करून पाहिलं नाही, पण माहीत आहे.

११ एप्रिल
मुरबाडला मावशीच्या रुचिताचं लग्न. आई येत नाही! गुडघा दुखतो म्हणे. रुचिताच्या हळदीची तिने किती वाट बघितली होती. मला आणि बाबांना जा म्हणते, झाडांकडे ती बघेल.
सगळं दाखवलं. कोंबाच्या पेल्यासारख्या पानांत पाणी साचलं की या उन्हात तो उकडतो, काळा पडतो, आणि कूज खाली कांडीत उतरते.
"आन् कुंडी पाण्यातच बसून राह्यली तं?"
"तर संपलंच, आई. थेंबही घालू नकोस. नुसतं लक्ष ठेव."
तिने पुन्हा एकदा विचारून घेतलं. इतकं नीट माझं कधीच कोणी ऐकलं नव्हतं. बरं वाटलं.

१८ एप्रिल
आल्या आल्या शेडनेटमध्ये गेलो. आधी वासच आला. कोंब काळे, बोट लावलं की निसटून हातात येतात. कांड्या दाबल्या की पाणी गळतं. एकही वाचलं नाही. एकही!
नळ पाहिला, पाइप पाहिला, वरची जाळी पाहिली. गळती कुठेच नाही. मग नळ मीच उघडा ठेवून गेलो का? आठवत नाही. बंद केला होता. परत जाऊन पाहिलाही होता.
मॅडम फोनवर रडल्या. मग म्हणाल्या, "नाही रे, आता पुन्हा नाही लावणार. शेड काढून टाकते. बाबांना सांग, राखणीलाही कोणी नको." बाबांनी ऐकलं. उंबऱ्यावर बसून राहिले.
एवढी जिवंत झाडं!

१९ एप्रिल
आईला विचारलं, नळ गळत होता का?
"नाय. मी कुंड्या टबात बुडवून ठेवल्या. वरून पन घातलं."
"अगं, कुजतात म्हणून सांगितलं होतं ना मी!"
"सांगितलंस म्हणून तं घातलं." भाकरी उलटत म्हणाली. "पाप लागलं तं मला लागंल. तू अक्षयला फोन कर."