बुडबुड्याची तपासणी

३ नोव्हेंबर २००३, सोमवार
आज विरारजवळ वटारला आले आणि घर इतकं आवडलं की घरी संगमनेरला, पोहोचले म्हणून फोन करायचा विसरले. इनेझ आंटींच्या घराची पुढची खोली म्हणजे आमचं ऑफिस, मागची माझी. खिडकीबाहेर केळीची बाग. त्यांचे यजमान फर्डिनंड अंकल आठवड्यातून तीनदा विरारला डायलिसिसला जातात, तरी माझी बॅग त्यांनीच आत नेली आणि हातावर सुकेळी, म्हणजे इथली वाळवलेली केळी, ठेवली. काम सोपं वाटतंय: जुने प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर बिल्ड करून, म्हणजे कोडमधून चालतं सॉफ्टवेअर बनवून, द्यायचे. जुना कंपायलर २.९५ बऱ्याच चुका मुकाट्यानं चालवून घ्यायचा, हा ३.३ अडून बसतो.

१० नोव्हेंबर
सात पॅकेजं झाली. आठवं अडलंय. अंकल जातात त्याच हॉस्पिटलच्या डायलिसिस यंत्रांचं आहे. रक्ताच्या नळीत हवेचा बुडबुडा दिसला की पंप थांबवायचा, नेमक्या त्या तपासणीवरच बिल्ड फसतं. आमचे मालक हर्षवर्धन सर शनिवारी हॉस्पिटलात लावायची सीडी न्यायला येतील.

१५ नोव्हेंबर
जमलं नाही. तपासणीच्या चौदा ओळी तात्पुरत्या बंद केल्या. बिल्ड झालं. सरांनी विचारलं, सगळं आहे ना? मी हो म्हणाले. सोमवारी दुरुस्त करून दुसरी सीडी देईन.

१९ नोव्हेंबर
फर्डिनंड अंकल गेले. सकाळी, यंत्रावरच. नळीत हवा शिरली होती आणि पंप थांबलाच नाही, असं सिस्टरनं आंटींना सांगितलं. आंटी म्हणाल्या, देवाची मर्जी. मी त्यांचा हात धरून बसले होते. त्या चौदा ओळींचं सांगितलं नाही.
सोमवारी मला ती दुरुस्ती आठवलीसुद्धा नव्हती.

२१ नोव्हेंबर
त्या ओळी परत घातल्या. बिल्ड फसलं. पडद्यावर इंग्रजीत: ‘फर्डिनंड’ जाहीर केलेला नाही, या फंक्शनमध्ये पहिलाच वापर. म्हणजे कोडमध्ये हे नाव वापरलंय, पण त्याची ओळख आधी कुठे दिलेली नाही.
हा शब्द मी लिहिलेला नाही. सगळ्या फाइली शोधल्या. कुठेच नाही.
सरांना फोन करून म्हटलं, हॉस्पिटलात जुनी सीडी परत लावा. त्यांनी कारण विचारलं. सांगवलं नाही. मग पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाले.

२४ नोव्हेंबर
सकाळी परत बिल्ड लावलं. आज नाव वेगळं. ‘काशिनाथ’ जाहीर केलेला नाही.
दुपारी आंटी सांगत आल्या— आगाशीचे काशिनाथ, अंकलच्या शेजारच्या पलंगावर असायचे— आज यंत्रावरच—
मी जेवले नाही.

२६ नोव्हेंबर
‘सुमन’.
हॉस्पिटलला फोन लावला. सुमन नावाच्या बाई आहेत, तुळिंजच्या. आत्ताच यंत्रावर घेतलंय. मी ओरडले, थांबवा ते. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? तुम्हाला कसं माहीत?
ठेवून दिला. ठेवून दिला मी.
आंटी दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं.
“फर्डिनंडच्या वेळी पण तुला माहीत होतं?”
हो म्हणाले.
त्या रडल्या नाहीत. रिसीव्हर उचलून माझ्या हातात दिला.
“आता तुझं नाव सांग.”
नंबर फिरवलाय. नुसती रिंग जातेय. हात लिहिता ठेवलाय, नाहीतर फोन पुन्हा ठेवून देईन— अजून रिंग— आंटी समोरून हलत नाहीत—
उचलला.
नाव विचारतायत. पण हा आवाज— हळू, दम लागलेला— अंकलचा—
आंटींनाही ऐकू आलाय—
पुन्हा विचारतोय. सांगते. माझं नाव ज्ञान—