हौदावरचा फेस

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

परत तेच! "मॅडम, पर्यायच नाही, अजून पाच वर्षं वापरू द्या." वाळूजच्या क्रोम प्लेटिंग कारखान्याचे मॅनेजर, विश्वजीतराव. हौदातून उठणारी आम्लाची वाफ दाबायला ते जे रसायन टाकतात, त्यावर आता निर्बंध आहेत. विहिरीत उतरलं की ते जातच नाही. मात्र खरोखरच पर्याय नसेल तर सवलत देता येते. आणि ते ठरवायचं कुणी? मी! समितीतल्या बाकीच्यांना चहाची घाई.

एका हौदात त्याऐवजी नवं औषध टाकून पाहतोय. फेसाची साय छान धरलीय, वाफ खाली. महिनाभर टिकली तर सवलत नाही. बस्स.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी फेस फाटला. हौदावरचा कामगार कडुबा खोकत बाहेर आला, नाकातून रक्त. विश्वजीतराव — "मी म्हणत नव्हतो?" डोकंच फिरलं माझं. परत औषध टाकलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फेस ठणठणीत! कडुबाशी बोलले. त्याचं गाव कारखान्याच्या नाल्याच्या खालच्या अंगाला. "हिरीच्या पाण्याला जनावर बी तोंड लावत नाय, मॅडम. हे नवं टिकलंच पायजे."

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा फाटला. औषध तेच, माप तेच! पुरवठादाराला फोनवर वाट्टेल ते बोलले. म्हणे, बाकी सगळीकडे चालतंय. मग इथंच काय धाड भरलीय?

२२ नोव्हेंबर, शनिवार

तिसऱ्यांदा. कडुबाकडे बघवेना.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

केली सही. पाच वर्षांची सवलत. नव्या औषधाच्या भरवशावर कडुबाच्या नाकाशी खेळायचा मला अधिकार नाही. आणि त्याच्या विहिरीशी खेळायचा? तो आहे, समितीनं दिलाय! स्वतःचीच चीड येते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी नमुन्याच्या बाटल्या परत आणायला गेले. कडुबा नव्या औषधाच्या हौदापाशी, बूट काढून उभा. हातात तेलाची वाटी.

"हे काय रे?"

"मारुतीला वाहून उरलेलं. दर शनवारी ह्या हौदाला बी वाहतो, मॅडम. दुसऱ्या कुठल्या नाय, ह्यालाच. नवं टिकावं म्हून."

तेल पडलं तिथून फेस विरत चालला होता. तो हात जोडून, डोळे मिटून उभा.