बुधवारची गाडी

आये, तुला लिहाय-वाचायला येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. येत असतं तर मी आजही एखादी थाप मारून वेळ निभावून नेली असती. तू गेलीस त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. तुझं तेव्हा जे वय होतं ते आता माझं आहे. गुडघे तुझ्यासारखेच कुरकुरतात आणि तुझी सून दिवसातून दहा वेळा म्हणते, "अगदी आत्याबाईंवानी कण्हायला लागलायसा." मी म्हणतो, आईवर जाणार नाही तर कुणावर जाणार? पण मनात येतं, खरंच तुझ्यावर गेलो असतो तर किती बरं झालं असतं.

काळी नदीच्या उताराजवळचं आपलं दुकान अजून आहे. मीठ, गूळ, तंबाखू, बैलांचे कासरे, सगळं तसंच. नदी उतरून येणारी गाडी आपल्या दारात थांबल्याशिवाय पुढे जात नसे. राणीछाप रुपया सगळीकडे चालायचा, पण त्याच्या आडून काय काय यायचं! गोव्याकडचे गाडीवान तिकडचे पैसे आमच्या गळ्यात मारायला बघायचे, रानातले कुणबी आज्याच्या गाडग्यातली काळी पडलेली शिवराई काढून द्यायचे. दुसरा दुकानदार असता तर "हे चालत न्हाई" म्हणून हातावर परत ठेवलं असतं. मी मूर्ख, तेच आधी ठेवून घ्यायचो. मग राखेनं घासायचं, दारात उजेडाला धरायचं, एखादं अक्षर लागतंय का बघायचं. गिऱ्हाईक मिठासाठी ताटकळलेलं असायचं. तू आतून ओरडायचीस, "पैशाचं तोंड बघतोस, मानसाचं कवा बघशील रे?" एका वर्षी ह्या नादात घर शाकारायचं राहिलं आणि मिठाची दोन पोती पाणी होऊन अंगणात गेली. तुझ्या सुनेनं त्या दिवशी ताटात भाकरीशेजारी चार ढब्बू पैसे वाढले. "खावा. ह्येच कमवलंसा."

तू मात्र हसलीस. आणि नंतर, कुणी न सांगता, जुन्या इरकली लुगड्याचे तुकडे घेऊन ओसरीवर बसलीस. चार दिवस बसलीस. एक लांब पट्टी शिवलीस आणि तिला बोटभर रुंदीचे कप्पे पाडलेस, गुंडाळली की कमरेला बांधता यावी अशी. "एकमेकावर घासून झिजत्यात ती. आता एकेकाला एकेक खोली दिलीया, घे," म्हणालीस. टाके वाकडे होते, तुला तेव्हाच कमी दिसत होतं. सगळं घर माझ्या छंदाला शिव्या देत होतं, आणि त्याला घर बांधून दिलंस ते तू. हे आठवलं की मला पुढचं लिहवत नाही, पण लिहितो.

त्या वैशाखात मामा अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. तू एकदाच म्हणालीस, "मला म्हायेराला ने. भावाला बघू दे एकदा." तुझं माहेर नदीपलीकडे, खानापूरच्या अंगाला, गाडीनं पुरा एक दिवस. तुला चार पावलं चालवत नव्हतं आणि गाडी घरात एकच. रविवारी ठरलं. त्याच दिवशी एका गाडीवानाबरोबर मामाला सांगावा धाडला की बुधवारी त्याच्या अक्काला घेऊन येतो. आणि त्याच रविवारी, दुकान आवरायच्या वेळेला, उळवीच्या अलीकडचा एक शेतकरी तंबाखू घ्यायला आला आणि सहज बोलून गेला की बांध घालताना गाडगं फुटलं, आत तांब्याचे बारके जाड तुकडे निघाले, त्यावर बसलेला बैल आहे. झालं! बसलेला नंदी म्हणजे विजयनगरचं, एवढं मला शाळेतल्या मास्तरांकडून ठाऊक होतं, आणि ते मी तोवर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी तुला म्हणालो, सोमवारी जातो, मंगळवारी परत येतो, बुधवारी पहाटे आपण निघू. तू म्हणालीस, "जा बाबा. पन बुधवारी गाडी दारात पायजे." "व्हय गं, पायजे म्हंजे पायजे," मी म्हणालो. गाडी उत्तरेला जायची ती दक्षिणेला गेली.

मी आलो गुरुवारी दिवस कलल्यावर. तू ओसरीवर भिंतीला टेकून बसली आहेस. चूल थंड आहे. तुझी सून माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडते आहे आणि वळून बघत नाही. एवढ्यावरून कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं. मी बैल सोडता सोडताच बोलायला लागलो, "तांबड्याचा पाय दुखावला, आये, दोन दिवस खोळंबा झाला. आता उद्या पहाटे निघू." तू म्हणालीस, "व्हय का." मग म्हणालीस, "गावलं का काय? दाव बघू."

मला कोण आनंद! तुझ्या पदरात चारही नाणी मांडली. हा बघ नंदी, ही त्याची शिंगं, हे वशिंड. तू बोट फिरवलंस, "आपल्या तांबड्यावानीच बसलाय की." मी हसलो. मागच्या बाजूला बाळबोध अक्षरांच्या तीन ओळी आहेत, पहिली 'श्री' नक्की लागते, पुढचं झिजलंय, ते मी कसं लावलं, कुठल्या रेघेला काय समजलो, सगळं सांगत सुटलो. तू मान हलवत होतीस. मधूनच विचारत होतीससुद्धा, "मग? ह्यो वरचा चांद हाय काय?" जन्मात कुणी माझं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. मी किती वेळ बोललो देव जाणे.

शेवटी तू विचारलंस, "लई जुनं असंल न्हाई?"

"चारशे वर्षांचं तरी असंल."

तू चारी नाणी एकेक करून माझ्या हातात दिलीस. "माझा भाऊ बी जुनाच व्हता रे," म्हणालीस, आणि भिंतीकडे तोंड केलंस.

मग तुझी सून उठली. "मामा पहाटेला गेलं. मानूस येऊन सांगून गेला. काल दिसभर दाराकडं बघत व्हतं म्हनं. अक्काची गाडी आली काय, अक्काची गाडी आली काय, येवढंच." तिनं मला आणखीही पुष्कळ सुनावलं, आणि ते सगळं रास्त होतं. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, की हिला ठाऊक होतं. भाऊ गेल्याचं काळजात धरून ही बाई माझा नंदी बघत बसली होती. का गं, आये? मला शिक्षा करायची म्हणून? तुझा तो स्वभाव नव्हता. पुष्कळ वर्षं डोकं खाजवून मला एवढंच वाटतं की तुला खरंच बघायचं होतं, भावापेक्षा मोठं असं ते काय आहे ते.

शुक्रवारी गाडी जुंपली. मामाला पोचवून झालं होतं, आता राख सावडायला तेवढी तू पोचणार होतीस. उतारावर बैल पाण्यात शिरले तशी तू हात पुढे केलास. नदी ओलांडताना तिला पैसा टाकायचा, हे तू लहानपणापासून करत आलीस. मी कनवटीचा पैसा काढला, आणि आये, माझ्या हाताला आग लागो, तुला देण्याआधी तो उलटा करून बघितला. सवय गं. तुझ्या ध्यानात आल्याशिवाय राहतंय? "बघितलास नीट?" तू म्हणालीस. "चालंल न्हवं पान्यात टाकला तर?"

त्यानंतर तू दोन वर्षं होतीस, आणि त्या आठवड्याचं नाव काढलं नाहीस. चार शिव्या घातल्या असत्यास, कानाखाली वाजवली असतीस, तर मी पाय धरले असते. तू बोलली नाहीस, मग मीही आपला गप्प राहिलो, आणि गप्प राहणं किती सोपं असतं ते मला तेव्हा कळलं. वर्षभर मी नाण्यांना हात लावला नाही. मग पुन्हा लावला. मधे जंगलखात्याचा एक कारकून येऊन सगळा संग्रह बघून गेला, म्हणाला, असं ह्या पट्ट्यात कुणाकडे नाही. लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण छाती फुगायची ती फुगलीच. आता एवढं पाळतो की दुकानात माणूस उभं असेतोवर गल्ल्यात आलेलं नाणं बघायचं नाही. तुझी सून म्हणते, "म्हातारपनी अक्कलदाढ आली." उशिरा आली, आये, फार उशिरा.

आता राहिलेलं सांगतो. तांबड्याच्या पायाला काही झालं नव्हतं. सौदा सोमवारी दिवस मावळायच्या आतच झाला होता. मंगळवारी सकाळी गाडी जुंपली असती तर बुधवारी रात्रीचं जेवण तू मामाशेजारी बसून जेवली असतीस. मी त्या खेड्याच्या ओढ्यावर बसून राहिलो. चिंचेनं नाणी घासली, कागद वर ठेवून कोळशानं ठसे काढले, अक्षरं लावली. घरी गेलं की दुकान, मीठ, गिऱ्हाईक, म्हणून म्हटलं, आजचा दिवस राहू. मग म्हटलं, उद्याचाही राहू. मामा काय लगेच मरतोय, असंसुद्धा मनात येऊन गेलं. बैल दोन्ही दिवस सावलीत रवंथ करत बसले होते, धडधाकट. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते दोन दिवस माझ्या जन्मात सगळ्यांत सुखाचे गेले. तो ओढा मला अजून दगड न् दगड आठवतो. मामा कसा दिसायचा, ते मात्र आता नीट आठवत नाही.