दुहेरी फडक्यातून डिझेल

सोमवार, ८ नोव्हेंबर २०२१

कोरोनामुळे दीड वर्ष गाडी कंपाउंडात उभी होती. दर रविवारी मी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, तेवढंच. आज बाहेर काढली. पहिल्या किल्लीला सुरू झाली. माझ्या वयाच्या किती बायका पहिल्या हाकेला उठतात?

१९९४ची डिझेल गाडी. ह्यांनी मला हिच्यावरच चालवायला शिकवलं. पहाटे, सांगली-मिरज रस्त्यावर, माणसं उठायच्या आत. हे शेजारी बसून म्हणायचे, क्लच हळू सोड राजमती, घाई कुणाला आहे? हे जाऊन आता तीन वर्षं होतील. घाई अजूनही नाही.

टाकी रिकामी झाली होती, म्हणून पंपावर जाऊन फुल्ल केली. तिथल्या पोऱ्याने अभिमानाने सांगितलं, आता नवं डिझेल मिळतं, गंधक जवळजवळ काढून टाकलेलं. कशाला काढलं? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सायन्सच्या सिस्टर गंधक जाळून दाखवायच्या. वाईट वस्तू सिस्टरांनी वर्गात आणली असती का?

गुरुवार, ११ नोव्हेंबर

गाडीखाली फरशीवर डाग. बोट लावून वास घेतला. डिझेल. ह्यांच्या हयातीत एक थेंब गळला नाही.

गॅरेजवाल्या अर्जुनाला बोलावलं. बॉनेट उघडून तो दोन मिनिटं आत बघत राहिला. म्हणाला, आवं काकी, इंजिनाच्या डिझेलपंपातलं रबर गेलंय. जुन्या डिझेलवर ते फुगून बसलेलं असतंय, नव्या डिझेलवर आकसतंय. मग गळणारच की! नव्या जातीचं रबर टाकतो, सकाळी द्या, सांजच्याला न्या.

रबर आकसतं म्हणे. रबर म्हणजे काय लोकरीचा स्वेटर आहे? दहावीला दोनदा बसलेल्या माणसाने मला केमिस्ट्री शिकवावी! मी म्हटलं, रबराला दोष देऊ नकोस, दोष डिझेलात आहे. तर म्हणतो, डिझेल तर आता समद्या गावात ह्येच हाय. मग काय झालं? अख्खा गाव चुकू शकतो.

जाताना गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, इकायची झाली तर पैलं मला सांगा बरं का. थाप मारलेली जागा पुसून घेतली.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

साताऱ्याहून गोमटेशचा फोन. अर्जुनाने त्याला आधीच कळवलेलं दिसतं. म्हणाला, आई, रबर बदल नाहीतर गाडी विक. या वयात रस्त्यावर अडकलीस म्हणजे? मी म्हटलं, तुझ्या नव्या गाडीत दरवाजा लावायलासुद्धा कॉम्प्युटर लागतो, तू मला शिकवू नकोस.

शेवटी करार ठरला. १२ डिसेंबरला ब्राह्मीचा पहिला वाढदिवस. नात एक वर्षाची होईल. मी एकटी, याच गाडीने, दुरुस्ती न करता सांगलीहून साताऱ्याला वाटेत बंद न पडता पोचले, तर गाडीचा विषय तो पुन्हा काढणार नाही. नाही पोचले तर गाडी अर्जुनाला. मी लगेच हो म्हटलं. बिचारा गोमटेश! लहानपणीसुद्धा कॅरममध्ये असाच हरायचा.

रविवार, १४ नोव्हेंबर

उपाय सापडला. इतका सोपा की स्वतःचं हसू आलं.

आमच्या घरात आजवर कुणी न गाळलेलं पाणी प्यायलेलं नाही. दुहेरी फडकं, मग घागर. सासूबाई तर प्रवासातसुद्धा फडकं बरोबर न्यायच्या. जे माणसाच्या पोटाला चालत नाही ते इंजिनाच्या पोटाला कसं चालेल?

नळी लावून टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढलं. तोंडाने ओढावं लागतं. थोडं तोंडात गेलं. नव्या डिझेलला चव नाही. माझं म्हणणं सिद्ध झालं.

ह्यांचं एक जुनं मलमलचं धोतर होतं, ते दुहेरी करून सगळं गाळलं. चार तास लागले. गाळल्यावर जे उरेल ते जिथून आणलं तिथेच परत सोडायचं, ही आम्हा जैनांची रीत. म्हणून फडक्यावरचे काळे कण वाटीत घेऊन पंपावर गेले. तिथला माणूस वाटीत बघून म्हणाला, काकी, ह्यात काय न्हाई की. मी म्हटलं, तुला दिसत नाही म्हणजे नाही असं होत नाही. त्याने वाटी दोन्ही हातांनी घेतली. एवढी तरी रीत शिल्लक आहे.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

गळती निम्म्यावर आली! परवा गाडीखाली वाटी ठेवली होती, काठोकाठ भरली. काल मोठं पातेलं ठेवलं, ते जेमतेम अर्धं भरलं. आणखी काय पुरावा हवा? अर्जुनाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, व्हय काकी. हरल्याची कबुली.

संकल्प: रोज सकाळी देवदर्शनाच्या आधी पातेल्यातलं डिझेल गाळून परत टाकीत.

सोमवार, २२ नोव्हेंबर

तेल कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. कर्सिव्ह. दोन पानं. पहिल्या पानावर गंधकाचं महत्त्व, दुसऱ्यावर ह्यांचं व्यक्तिमत्त्व. शेजारच्या राजेश्वरीने तिच्या मोबाइलवर फोटो काढून ईमेल केला. ती म्हणाली, काकू, हल्ली असं अक्षर बघायला मिळत नाही. गुणी मुलगी, पण व्याकरणाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

कंपनीचं उत्तर आलं. 'डिअर सर, आमच्या डीलरशिपमध्ये रस दाखवल्याबद्दल आभारी आहोत.'

सर!

शुक्रवार, ३ डिसेंबर

धोतर रोज वापरून विरत आलं. गळती कमी होण्याची घाई करत नाही. पातेलंही भरलं. पातेलं मुळात लहानच आहे.

अर्जुना दारावरून चालला होता, त्याला थांबवून मी सहज विचारलं, गंधकाबरोबर दुसरंही काही काढतात का? म्हणाला, गंधक काढताना वंगणपण कमी हुतंय म्हणं, म्हणून कंपनीवाले वरनं काय तरी टाकत्यात. बघा! गेलेलं वंगण भरून कोण काढणार? आमचा घराण्याचा धंदा तेलाचा. सासऱ्यांच्या घाण्याचं करडईचं तेल सगळी सांगली खायची. अर्धा लिटर शुद्ध करडई टाकीत ओतली. गाळून.

संध्याकाळी गाडी सुरू केली. आवाज मऊ झाला. मागून वास येत होता. राजेश्वरी गच्चीवरून म्हणाली, काकू, चकल्या का? आमच्या घरी पण पाठवा!

बुधवार, ८ डिसेंबर

रंगीत तालीम म्हणून हरिपूरपर्यंत जाऊन आले. गाडी दोनदा थांबली. बंद पडली नाही, थांबली. पाच मिनिटांनी आपली आपण सुरू झाली. ह्यांनाही चढ आला की पाच मिनिटं थांबायची सवय होती. हरिपूरला चढ नाही, पण गाडीचंही वय झालंय.

रविवार, १२ डिसेंबर. सकाळी ९

निघते. टाकीत डिझेल दोनदा गाळलेलं. डबीत ब्राह्मीसाठी चांदीची पैंजणं. सगळे थांबे धरून दुपारी एकला पोचणार. सूर्यास्तानंतर मी जेवत नाही, म्हणून गोमटेशने सांगून ठेवलंय, आई, वेळेत ये. वेळेत! मी जेवून, झोपून उठेन तेव्हाही सूर्य वर असेल.

मंगळवार, १४ डिसेंबर

सविस्तर लिहायला हवं, कारण लोक उलटसुलट सांगतील.

आष्ट्यापर्यंत गाडी अप्रतिम. आष्ट्याच्या पुढे चारदा थांबली. पाचव्यांदा थांबली ती इस्लामपूरच्या अलीकडे, आणि या वेळी तिने पाच मिनिटांचा नियम पाळला नाही. एक तास बसले. दोन तास. रस्त्याने नुसते उसाचे ट्रॅक्टर. शेवटी एक ट्रॅक्टरवाला थांबला. कर्ण्यावर गाणी लावलेली, मागे दोन ट्रॉल्या. म्हणाला, काकी, दोर बांधतो, इस्लामपुरात सोडतो. मी सभ्यपणे होकार दिला.

पण आधी साखर कारखान्यावर नंबर लावल्याशिवाय त्याला हलता येईना. त्यामुळे कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर, ट्रॉली, ट्रॉली आणि मी. पुढे पन्नास गाड्या, मागे तेवढ्याच. मी काच वर करून सरळ समोर बघत बसले. कुणीतरी ओरडलं, काकी, आडसाली हाय का खोडवा? अख्खी रांग हसली. आडसाली म्हणजे दीड वर्ष रानात उभा राहिलेला ऊस, खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला. मी काच चार बोटं खाली करून इंग्रजीत उत्तर दिलं. त्यावर ते आणखी हसले. एका बाईने मात्र उसाचं कांडं सोलून दिलं. सूर्य मावळला होता, म्हणून खाल्लं नाही. भूक नव्हतीच.

गोमटेश त्याच्या कॉम्प्युटरच्या गाडीतून न्यायला आला. एक शब्द बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं, माझी उत्तरं तयार होती. केक कापून झाला होता. ब्राह्मी झोपली होती. झोपेतच पैंजण घातलं. एकच. दुसरं सापडेना, बहुतेक गाडीत पडलं असावं.

गुरुवार, १६ डिसेंबर

अर्जुना गाडी ओढून घेऊन गेला. करार म्हणजे करार, आम्ही शब्दाची माणसं. सह्या करताना मी त्याला फक्त क्लचबद्दल सांगितलं. हळू सोड. तो म्हणाला, व्हय काकी.

संध्याकाळी पैंजण द्यायला आला. सीटच्या खाली सापडलं. उगाच थांबून म्हणाला, काकी, डिझेलच्या फिल्टरमधी सुताचा बोळा निघाला बघा. शंभर दिव्यांच्या वाती हुतील. वरनं रबराच्या फटीतनं हवा वढत हुती, मग इंजान चालणार कसं?

धोतराचं सूत! म्हणजे नव्या डिझेलने चांगलं मलमल खाल्लं. पोटात काय काय खाईल कुणास ठाऊक. बरं झालं गाडी गेली.

रात्री कंपाउंडातला बल्ब लावून ठेवला. सवय.

रविवार, ९ जानेवारी २०२२

दुसरं पैंजण घेऊन साताऱ्याला निघाले. एस.टी.चा संप, म्हणून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपसाठी स्टँडबाहेर उभी. पाऊण तास. एक गाडी थांबली. माझी. म्हणजे अर्जुनाची. म्हणाला, बसा काकी, आईला औंधाला यमाईच्या दर्शनाला न्यायलोय, आदी तुमाला साताऱ्यात सोडतो.

पुढच्या सीटवर त्याची आई रंगुबाई. मी मागे बसले, केवळ तपासणीसाठी. या गाडीत मागे मी याआधी कधीच बसले नव्हते. मागे पाय ठेवायला जागा बरी आहे.

रबर नवीन टाकलंय, बाकी काही नाही. डिझेल त्याच पंपावरचं. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, कराड गेलं. मी प्रत्येक ठिकाणी वाट बघितली. अडीच तासांत सातारा, एकदाही न थांबता.

गोमटेश फाटकातच उभा होता. मी उतरले. रुमाल खाली पडला म्हणून वाकून गाडीखालीही पाहिलं. कोरडं.

रंगुबाईने खिडकीतून माझा हात धरला. फार मायाळू बाई. म्हणाली, लेकानं नवीन घितली बघा गाडी. कुणा म्हातारीची हुती म्हणं, लय छळलीया तिनं हिला. त्येल काय पाजायची, धोतर काय चारायची. अर्जुना मोठ्याने खोकला, आई, चल, उशीर हुतोय. पण ती हात सोडेना, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी म्हणाले, असतात एकेक माणसं.