दुसरं वल्हं

बाबा, पवनेत आता कोणी उतरत नाही. रहाटणीकडून पुलावरून जाताना रिक्षावालासुद्धा नाकाला रुमाल लावतो, आणि जलपर्णी इतकी माजली आहे की खाली नदी आहे हे माहीत असावं लागतं. मी मात्र दर वेळी मान वळवून बघते. इथेच खालच्या अंगाला माझे वडील दर रविवारी होडीसकट उलटे व्हायचे, असं एकदा सुनेला सांगितलं, तर ती माझ्याकडे काळजीने बघायला लागली. आता या वयात हे असलं काही बोललं की लोक आधी आपल्या गोळ्या तपासतात. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगणार, कारण मला ते पहिल्यापासून सांगायला आवडतं.

तुम्ही रत्नागिरीकडचे, देहूरोडच्या लष्करी डेपोत खोकी बांधायच्या कामावर. लढाईच्या दिवसांत तिथल्या एका गोऱ्या साहेबाची ती होडी. लाकडी सापळा, त्यावर ताणून बसवलेलं कॅनव्हास, आणि मधोमध एका माणसाला कमरेपर्यंत आत शिरता येईल एवढं भोक. होडी समुद्राची. लाटेने उलटवलं तर बाहेर पडायचं नाही, बसल्या जागी वल्ह्याने पाण्याला रेटा द्यायचा, कमरेला हिसडा मारायचा आणि पलीकडून वर यायचं. साहेबाला होडी उचलायला पोहणारा माणूस हवा होता, तुम्ही ती विद्याच उचललीत. साहेब विलायतेला गेला तेव्हा होडी तुम्हाला देऊन गेला, आणि बजावून गेला की दुसरं वल्हं होडीवर पाठीमागे बांधल्याशिवाय पाण्यात जायचं नाही. उलटं असताना हातातलं निसटलं तर मागचं ओढायचं आणि त्याच्या जोरावर वर यायचं. ते दुसरं वल्हं तुम्ही खोक्याच्या देवदारी फळीतून स्वतः केलंत, आखूड, एकाच पात्याचं.

पुढे काही वर्षांनी मी पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायला जात होते. रविवार सुट्टीचा. चिंचवडच्या आपल्या खोलीतून आपण दोघं होडी डोक्यावर घेऊन निघायचो, आणि वाटेतले लोक आधी प्रेत आहे का बघायचे. डोहावर एक शेतकरी म्हशी घेऊन आलेला असे. पहिल्यांदा तुम्हाला उलटं होऊन वर येताना बघून तो म्हशी सोडून काठाशी आला होता. मग म्हणाला, "पाव्हणं, आमची म्हस बी आसंच लोळती, पर ती डोकं वर ठिवती." तुम्ही इतके हसलात की परत उलटलात. मी विचारलं होतं, इथे लाट नाही, समुद्र नाही, मग हे कशाला? तुम्ही म्हणालात, "नोकरीने घाटावर आणलं गो. पण हात समुद्राचा राहायला हवा." तेव्हा मला ते ऐटीचं बोलणं वाटलं. आता कळतं की तुम्हाला घरची फार आठवण येत होती आणि ती सांगायची ही एकच रीत तुम्हाला जमत होती.

मग तो सरत्या पावसाळ्यातला रविवार. पाण्याला ओढ आहे. तुम्ही उलटे होता आणि लांब वल्हं एकटंच वाहत पुढे जातं. मी काठावर. मला भीती नाही वाटत, मागे दुसरं आहे ना. पाण्यातून तुमचा हात वर येतो, मागे चाचपतो, आखूड वल्हं त्याला सापडतं, तो ते ओढतो, परत ओढतो, आणि ते हलत नाही. मग हात दिसेनासा होतो. मी साडी नेसलेली तशीच उडी मारली. होडी अंगाने ढकलून सरळ केली तेव्हा तुमच्या नाकातोंडातून पाणी येत होतं आणि डोळे कुठेतरी भलतीकडेच होते. पोहायला तुम्हीच शिकवलंत म्हणून बरं. नंतर काठावर मी ती दोरी पाहिली. डेपोत खोकं बांधावं तशी गाठ, भिजून आवळलेली. तुमच्या हातची गाठ कधी सुटत नाही असं मुकादम सांगायचा, आणि तुम्हाला त्याचा केवढा अभिमान. जी वस्तू बुडताना हाती यायला हवी, ती तुम्ही आगगाडीने कलकत्त्याला पाठवायची असल्यासारखी बांधली होती.

आईला सांगायचं नाही असं वाटेत ठरलं, पण म्हशीवाला आपल्याआधी घरी पोचला होता. आई चुलीपुढे. भाकरी उलटली, शेकली, तुमच्या ताटात वाढली, आणि मग म्हणाली, "म्हशीवाले ते होडीचं कापड मागतायत कडबा झाकायला. देऊन टाका." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. ती म्हणाली, "नाहीतर माझ्या डोळ्यांदेखत त्या दुसऱ्या वल्ह्याने वर येऊन दाखवा. अहो, मला पोहता येत नाही. तुम्ही खाली राहिलात तर मी काठावर बसून काय करू?" रात्री तुम्ही जेवलात नीट, पण होडी टांगली होती तिकडे एकदाही बघितलं नाहीत. एवढ्याशा कॅनव्हासमध्ये तुमचं अख्खं गाव राहत होतं, आणि ते आता कडब्यावर जाणार होतं. मला तुमची इतकी दया कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी दोरी घेऊन बसले आणि परकराच्या नाडीला मारतो तशी सुरगाठ मारली. तुम्ही बघितलंत. "हिला गाठ म्हणतात?" मी म्हटलं, "ओढली की सुटते. तुमच्या गाठीपेक्षा हुशार आहे." आठवडाभर मग स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसायचात, मागे स्टुलाला वल्हं बांधलेलं, डोळे मिटून एका अंगाला कलायचात आणि हात मागे न्यायचात. एकदा वल्ह्याऐवजी आईचा पदर हाती आला. ती म्हणाली, "हा सोडा, भाजी करपतेय," आणि हसू दाबायला तोंड फिरवलं. तरी अट तिने सोडली नाही.

रविवारी ती आपल्याबरोबर आली. दगडावर बसली, मांडीवर कोरडा पंचा. तुम्ही डोहाच्या मध्यावर गेलात, तिच्याकडे बघितलंत, लांब वल्हं मुद्दाम पाण्यावर सोडून दिलंत आणि उलटे झालात. त्याबरोबर आईने पाठ फिरवली. डोळ्यांदेखत म्हणणारी ती बाई, पदर तोंडावर धरून शेताकडे बघत बसली. "आले का गो?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आले." ती वळली तर तुम्ही बसलेले, आखूड वल्हं हातात, मिशांतून पाणी गळतंय. "बरं," ती म्हणाली, "आता डोकं पुसा." कडब्याचं नाव तिने परत काढलं नाही.

होडी राहिली. कापड कुजेपर्यंत राहिली, आणि तुम्ही तिच्यानंतर कितीतरी वर्षांनी घरच्या अंथरुणात गेलात. मग आईही गेली. हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहायचा धीर होतो आहे. आईला कधी बोलले नाही, तुम्हालाही नाही. तिने विचारलं तेव्हा मला होडीचं नुसतं बूड दिसत होतं, बाबा. तुमचा हातसुद्धा वर आलेला नव्हता. मी "आले" म्हटलं, आणि मग तुम्ही आलात.